तुळशीमागचं दार

ताईचा मुलगा दीड वर्षाचा झाला आणि पलंगावरून खिडकीच्या कट्ट्यावर चढायला लागला. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. एका सकाळी ताई भाकरी थापत होती आणि हा कट्ट्यावर उभा राहून कावळ्याला हाका मारत होता. दाजींनी त्याच दिवशी वेल्डिंगवाल्याला बोलावलं. बरोबरच केलं. लहान मूल असलेल्या घरात खिडकी उघडी ठेवणं हा गुन्हाच आहे.

पण जे बसवलं ते ग्रिल नव्हतं, पिंजरा होता. भिंतीबाहेर हातभर आलेला, सगळ्या बाजूंनी बंद. घरातून बाहेर पडायला वाट एकच, पुढचं दार. दाराबाहेर अरुंद जिना. जिन्याखाली अख्ख्या बिल्डिंगचे विजेचे मीटर, आणि मीटरांना टेकून कुणाच्या जुन्या गाद्या, कुणाची रद्दी. म्हणजे आग लागणार तिथं आणि माणसं पळणारही तिथूनच.

आमचा पोरापोरींचा गट हेच सांगणारी पत्रकं गल्लोगल्ली वाटतो. लोक पत्रक घेतात, मान हलवतात आणि त्यावर पोरांना चिरमुरे देतात. घरचे तर तेवढंही करत नाहीत.

"दाजी, ग्रिलला दार पाहिजे. आतनं उघडणारं."

"चोराला आवतण द्यायला व्हय?"

"चोराला नव्हं. तुमच्या बायकापोरांना बाहेर काढायला."

"मेव्हणीबाई, आमच्यात आलासा की च्या घ्यावा. भाषण चौकात करा की."

त्या खिडकीखाली पुरुषभर अंतरावर शेजारच्या बंगल्याची गच्ची आहे. एवढी सोपी सुटका कोल्हापुरात किती घरांना मिळते? शेवटी ताईनंच हट्ट धरला. वेल्डिंगवाला परत आला, त्यानं पिंजऱ्याच्या मधोमध दार कापलं, बिजागऱ्या लावल्या, आणि पोराचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर आतून कडी बसवली. कुलूप नाही. मी ती कडी स्वतः उघडून पाहिली. आपल्या माणसांपैकी कुणाचं तरी घर सुधारलं, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला.

मग ताईच्या सासूबाई, मी त्यांना मावशी म्हणते, नेसरीहून कायमच्या राहायला आल्या. सोबत दारातली तुळस. गावाकडं दारात तुळस, सकाळी पाणी, संध्याकाळी दिवा, यात त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं. फ्लॅटला अंगण कुठलं? वरच्या गच्चीला सोसायटीचं कुलूप आणि मावशींचे गुडघे गेलेले. अख्ख्या घरात ऊन येतं ते त्या एका खिडकीत. पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात कूलर होताच. उरलेल्या जागेत दाजींनी सिमेंटचं वृंदावन बसवलं. नेमकं दाराच्या पुढं.

मी मावशींना म्हटलं, "मावशी, आग लागली तर इथनं बाहेर पडायचं हाय."

"तुळशीवरनं तंगडी टाकून?" त्या म्हणाल्या. "जाळ परवडला, बाई."

त्यांनी हे हसून म्हटलं नव्हतं. ताई भांडी पुसत राहिली. दाजी मोबाईलमध्ये.

त्यानंतर काही महिन्यांनी, भर दुपारी, मीटरांनी पेट घेतला. दाजी कामावर. घरात ताई, पोरगं आणि मावशी. ताईचा फोन आला तेव्हा ती खोकत होती. "जिन्यात काय दिसत न्हाय," एवढंच बोलली. मी पळत सुटले. बिल्डिंगखाली गर्दी, जिन्याच्या तोंडातून काळा धूर. बंगल्याच्या मालकिणीला ढकलूनच मी तिच्या गच्चीवर गेले.

वर पिंजऱ्यात ताई दिसली. एका हातानं पोराला कमरेवर धरलेलं, दुसऱ्या हातानं वृंदावन ढकलत होती. ते हलत नव्हतं. शेवटी तिनं पाय लावायला उचलला, तर मावशींनी तिचा पायच धरला.

"पाय लावू नगंस. थांब, मी हलवतो."

आणि त्यांनी आधी हात जोडले. पदर आवरला. मग दोन्ही हातांनी ढकलायला लागल्या. गुडघे गेलेली बाई आणि सिमेंट. मी खालून हात वर करून ओरडत होते, "पोराला दे, पोराला खाली सोड," आणि सोडायला फट नव्हती. त्यांच्या मागं खोलीत धूर येताना मला खालून दिसत होता.

खाली कुणीतरी मेन बंद केला. पोरांनी शेजारच्या बांधकामावरची वाळू टाकली. जाळ विझला, धूर हळूहळू निवळला. खिडकीतून कुणीच बाहेर पडलं नाही.

संध्याकाळी दाजी म्हणाले, "बघा, काय झालं न्हाय."

मला हात उचलावासा वाटला. त्याऐवजी मी ताईला म्हटलं, "उद्याच्या उद्या ते वृंदावन काढ."

"तू पत्रक वाटून घरला जातीस," ताई म्हणाली. "हितं मला राहायचंय."

आठवडाभर ती आणि मावशी एकमेकींशी जेवणापुरतं बोलल्या. मग मावशींनी तोडगा काढला. कूलर थोडा खोलीत घेतला, वृंदावन थोडं सरकवलं, आणि दाराचा निम्मा भाग मोकळा झाला. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. मावशींनी नातवाला त्या फटीत उभं केलं, आडवं केलं, पुन्हा उभं केलं. तो खिदळत होता.

"जातंय की," त्या म्हणाल्या. "आमचं काय, आमचं झालं. पोरगं निघालं म्हंजे बास."

मी ताईकडं पाहिलं. ती तिशीतली आहे. तिचं कुठं झालं? तिनं त्या फटीत आपला खांदा घालून बघितला, तो अडकला, तिनं काढून घेतला आणि पोराचे कपडे नीट करायला लागली.

"ताई, त्याला खाली झेलणार कोण?"

"तू हायस की," ती म्हणाली. "दोन गल्ल्या टाकून तर राहतीस."

राहते. आणि त्या दुपारी फोन आल्या क्षणी पळत सुटूनसुद्धा मी गच्चीवर पोचले, तेव्हा धूर त्यांच्या खोलीत आलेला होता.