यमुनाकाकींच्या हनुवटीवरचे तीन ठिपके

बुधवार, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातला. वेळ सकाळची. स्थळ माझा फोटो स्टुडिओ, रत्नागिरी. हजर: यमुनाकाकी, मासळीच्या व्यापारी, त्यांचा मुलगा दिनेश, नव्या बोटीचा मालक, सून स्वप्ना, आणि मी, फोटोग्राफर. टेबलावर मोठी फ्रेम, नुकताच कागद सोडलेली. सगळ्यांची नजर तिच्यावर.

"ही कोण?" शेवटी काकींनी विचारलं.

"आये, तूच की," दिनेश म्हणाला.

"मी इथं बसलंय. ही कोण, ते विचारतंय."

प्रकरण असं होतं. दसऱ्याला दिनेशची नवी बोट पाण्यात जायची होती. बोटीला आईचं नाव, केबिनमध्ये तांडेलाच्या, म्हणजे बोट हाकणाऱ्याच्या, समोर आईचा फोटो, आणि नारळ आईच्याच हातून. फोटोचं काम माझ्याकडे आलं. काकी स्टुडिओत यायला तयार नव्हत्या. "बसवून फोटो म्हाताऱ्यांचे काढतात," हे त्यांचं मत. मग मीच तिन्हीसांजेला बंदरावर गेले. लिलाव चालू होता. काकी बांगड्याच्या टोपलीशी उभ्या, डोक्यावर एकच पिवळा बल्ब. मी फ्लॅश लावायला घेतला.

"ए बाय! ऐन बोलीत डोळ्यांत उजेड मारलास तर माजा आकडा चुकेल. मग बांगडा तू घेऊन जा."

फ्लॅश बॅगेत ठेवला आणि आयएसओ चढवला. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याने कमी उजेडाला किती ताणून मोठं करायचं ते. दूरचं स्टेशन लागावं म्हणून रेडिओचा आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसंच इथे होतं. फोटोत ती खरखर बारीक दाण्यांच्या रूपात दिसते. आम्ही तिला नॉइज म्हणतो. फोटो मात्र फर्मास आला होता. काकींचा हात वर, तोंड उघडं, समोरचं गिऱ्हाईक अर्धं मेलेलं.

नॉइज काढायला सॉफ्टवेअर असतं. त्यात स्लायडर असतो. उजवीकडे सरकवला की दाणे विरघळतात. मी सरकवला. बरं वाटलं. आणखी सरकवला. आणखी बरं वाटलं. हे लाडवासारखं आहे, कुठे थांबायचं ते खाताना कळत नाही. काकींचा चेहरा सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा तुकतुकीत झाला आणि मी समाधानाने प्रिंट दिली.

"तरुण दिसतेस की," दिनेश आता समजुतीच्या सुरात म्हणाला.

"तरुणपणी मी अशी नव्हतंच. तरुणपणी पण मला गोंदण होतं. कुठाय?"

आम्ही तिघेही फ्रेमवर वाकलो. काकींच्या हनुवटीवर हिरवट गोंदणाचे तीन ठिपके आहेत. बुरोंडीला माहेरी, परकर नेसायच्या वयात आईने मांडीवर दाबून धरून काढून घेतलेले. फोटोत हनुवटी होती. ठिपके नव्हते. सॉफ्टवेअरने ते नॉइज समजून पुसले होते.

"अंगावरचा दागिना सुना काढून घेतात," काकी म्हणाल्या. स्वप्ना छताकडे बघू लागली. "वर जाताना बरोबर येतं ते गोंदण. ते तू मी जिवंत असतानाच पुसलंस!"

"काकी, दुरुस्त करते."

"कर. नायतर दिनेश, नारळ या बाईकडून फोडून घे." काकींचं बोट फ्रेममधल्या बाईकडे होतं.

दिनेशचा चेहरा उतरला. काकींनी नारळ फोडला नाही तर तांडेल पाय ठेवणार नाही, आणि तांडेल नाही तर खलाशी नाहीत. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "मॅडम, काय पण करा, पण आयेला आये करा."

मी कॉम्प्युटरवर फोटो पुन्हा उघडला आणि काकींना शेजारी बसवलं. नॉइज दोन जातींचा असतो. एक रंगीत, लाल-हिरव्या ठिणग्यांसारखा. तो काढला तर सहसा कोणाचं बिघडत नाही. दुसरा उजेड-अंधाराचा, वाळूसारखा. चेहऱ्यावरची रेघनरेघ त्याच वाळूत मिसळलेली असते, म्हणून तिथे हात आखडता ठेवायचा. या दुसऱ्या जातीचा स्लायडर मी चेहऱ्यापुरता बराच मागे आणला. ठिपके परत आले. पण त्यांच्याबरोबर बाकीचंही सगळं परत आलं. मी कागद घेतला, मधे रेघ मारली. डावीकडे ठेवायचं, उजवीकडे काढायचं.

"कपाळावरचा खळगा?"

"देवीचा वण. ठेव."

"गालावर हे चकचकीत काय?"

"बांगड्याचा खवला."

"काढा, काढा," दिनेश घाईने म्हणाला.

"कशाला? मी काय देवळात उभी हाय? ठेव."

"डोळ्यांखालच्या सुरकुत्या?"

"त्यातल्या निम्म्या दिनेशच्या. राहू देत, त्याला केबिनमध्ये दिसल्या पायजेत."

मग स्वप्ना अगदी हळू आवाजात म्हणाली, "आणि सासूबाई, हनुवटीवरचा तो केस?"

काकींनी हनुवटीवरून बोट फिरवलं.

"तो काढ," काकी म्हणाल्या.

उजवीकडच्या रकान्यात तेवढीच एक नोंद झाली. तो केस मी ब्रशने, हाताने काढला. स्लायडरला हात लावला नाही.

काम संपलं असं मला वाटलं. काकींनी चष्मा लावला, नाक स्क्रीनला टेकवलं आणि एकदम मागे झाल्या.

"बांगडा शिळा हाय!"

"कुठला?"

"ह्यो. डोळा बघ. दुधाळ झालाय. माज्या टोपलीत शिळा बांगडा? बंदरावर तोंड कुठं दाखवू?"

बरोबर होतं. मी सगळं लक्ष चेहऱ्याकडे दिलं होतं. टोपलीवर स्लायडर पहिल्यासारखाच उजवीकडे राहिला होता. त्याने बांगड्यांच्या पाठीवरचे पट्टे मिटवले होते, डोळ्यातली चमक खाल्ली होती. मासे साबणाच्या वड्यांसारखे दिसत होते. टोपलीवरची सफाई पूर्ण काढून टाकली. जोराची सफाई ठेवली फक्त मागच्या अंधारावर, कारण अंधाराची कोणी तक्रार करत नाही. काकींनी स्क्रीनवर बोट ठेवलं, माशाचा कल्ला उचलून ताजेपणा बघावा तसं.

"आता ताजा. छाप."

दसऱ्याला काकींनी नारळ एका फटक्यात फोडला. मी फोटो काढायला होतेच. तांडेल केबिनमध्ये शिरला, समोर फ्रेम दिसली, आणि त्याने हातातली विडी पाठीमागे लपवली. माझ्या कामाला याहून चांगली पावती मिळालेली नाही.

तेव्हापासून माझा नियम असा. सॉफ्टवेअरला ठिपका दिसतो, तो कोणाचा ते दिसत नाही. त्यामुळे प्रिंट करण्याआधी फोटोतल्या माणसाला शेजारी बसवायचं. मासे असतील तर मासेवालीलाही.

दसऱ्यानंतर काकी घरासाठी दुसरी प्रत न्यायला आल्या. जाताना दारात थांबून त्यांनी स्टुडिओच्या बोर्डाकडे पाहिलं. बोर्डावर माझा फोटो आहे. मीच काढलेला, मीच साफ केलेला.

"लेक काय गो तुजी?"

मी हो म्हणाले.

कामांच्या यादीत त्या दिवशी लिहिलं, 'बोर्डावरचा फोटो बदलणे'. त्याच्या वरची सगळी कामं झाली. खालचीही झाली.