काकांच्या हातची काडतुसं

मॅगझिन उलटं बसत नाही, हे मला सात-आठ जणांच्या देखत कळलं. कमरेच्या पट्ट्यावरच्या खिशांत मी तिन्ही मॅगझिनं पाठ पुढे करून खोचली होती. ऐन धावपळीत जसं हातात आलं तसं पिस्तुलात ढकललं. अडलं. आणखी जोरात ढकललं. मागे टायमर धरून उभी असलेली बाई अगदी प्रेमाने म्हणाली, "बाळा, फिरवून बघ."

पुढच्या महिन्यात पट्टाच सैल निघाला. पिस्तूल ओढलं तर म्यान आणि अर्धी पँटही त्याच्याबरोबर वर आली. त्यानंतर एकदा मॅगझिन चिखलात पडलं, ते न पुसता तसंच घातलं आणि दुसऱ्या गोळीला सगळं ठप्प. प्रत्येक वेळी मला वाटायचं, झालं, आता हे लोक आपल्याला आणणार नाहीत.

ओहायोत ही नेमबाजीची मॅच महिन्यातून एका रविवारी असायची. लाकडी आडोशांमधून पळत जायचं, पुठ्ठ्याची आणि लोखंडाची निशाणं दिसतील तशी टिपायची, मधेच मॅगझिन बदलायचं. नेमही मोजतात आणि वेळही. मी तिथे कसा पोचलो याचं मला अजून नवल वाटतं. इचलकरंजीत आठवीतून शाळा सोडून मी मागावर गेलो होतो. ताईने कागद केले, बरीच वर्षं वाट पाहून ग्रीन कार्ड मिळालं आणि दोन हजार तीन साली मी ओहायोतल्या डब्लिनला तिच्या घरी आलो. वर्षभरात भावजींची बदली झाली, ती मंडळी लांब एडिसनला गेली. मला गोदामात पॅकिंगचं काम लागलं होतं. आणखी किती दिवस ताईच्या पंक्तीला बसायचं, म्हणून मी मागे राहिलो. आसपास मराठी लोक होते, पण सगळे शिकलेले, कंपन्यांतले. भेटले की पहिला प्रश्न, "कुठल्या क्लायंटकडे आहात?" मी म्हणायचो, "गोदामात." मग ते भले लोक हवापाण्यावर बोलायचे.

गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा एक साठीचा माणूस होता. मी डबा एकटाच खातो हे बघून तो एक दिवस समोर येऊन बसला, आणि दोन आठवड्यांनी म्हणाला, "रविवारी काय करतोस?" मी खरं ते सांगितलं, "काही नाही." त्याने मला मॅचला नेलं. माझ्याकडे गाडी नव्हती; तो सकाळी सातला ट्रक घेऊन दारात यायचा. एवढ्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारणं माझ्या जिभेला जमेना. मी काका म्हणायला लागलो. पहिल्यांदा सगळ्यांसमोर म्हणालो तेव्हा ती टायमरवाली बाई, मूळची मेक्सिकोकडची, दवाखान्यात नर्स होती, ती पोट धरून हसायला लागली.

"तुझ्या भाषेत याचा अर्थ काय?"

"वडिलांचा भाऊ. मान देऊन म्हणतात."

"आमच्याकडे पोराच्या लंगोटात जे सापडतं ना, त्याला काका म्हणतात!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काका मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "दोन्ही अर्थ बरोबर आहेत." तेव्हापासून सगळेच त्यांना काका म्हणायला लागले.

काका काडतुसं स्वतः भरायचे. गॅरेजमध्ये त्यांचं हाताने दाबायचं यंत्र होतं. वापरलेल्या पितळी पुंगळ्या वेचून आणायच्या, त्यांच्या बुडाशी नवी टिकली बसवायची, वर दारू, वर गोळी. टिकली म्हणजे दिवाळीतल्या पिस्तुलाच्या टिकलीची थोरली बहीण. पिस्तुलातली पिन तिच्यावर आपटली की ठिणगी पडते. ती अर्धा केस जरी वर राहिली तरी पहिल्या ठोक्याला पेटत नाही. काकांची टिकली कधी वर राहिली नव्हती. नर्सबाई म्हणायची, "दुकानातल्यावर माझा भरवसा नाही, या म्हाताऱ्याच्या हातच्यांवर आहे." काका नुसती टोपी नीट करायचे.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात त्यांनी आपलं एक पिस्तूल मला घरी सरावाला दिलं, रिकामं. मी रोज आरशासमोर ते म्यानातून काढायचो, घालायचो. मॅचच्या आदल्या दिवशी पुसताना बघितलं, तर ते कोरडं दिसलं आणि सोबत दिलेली तेलाची नळी संपलेली. मागावर काढलेली वर्षं अंगात होती: कोरडं लोखंड दिसलं की हात तेलाकडे जातो. दुकान सहा मैलांवर, बस नाही. हीटरच्या जाळीवर खोबरेलाची बाटली होती, डोक्याला लावायची. पातळ, स्वच्छ. मी सढळ हाताने घातलं. वरून घातलं, आतून घातलं, पिनेच्या भोकातही दोन थेंब सोडले.

रविवारी गवतावर दहिवर गोठलं होतं. माझी पाळी आली. बीप वाजली. खट्. गोळी नाही. हाताने काडतूस बाहेर काढलं, पुढचं घेतलं, एक उडाली, परत खट्. पिस्तुलाची वरची सरकती स्लाइड दमलेल्या बैलासारखी पुढे जात होती. तिसऱ्या खट् नंतर मी थांबलो.

काकांनी खाली पडलेलं काडतूस उचललं, चष्मा कपाळावरून खाली ओढला. टिकलीवर खड्डा होता, पण अगदी उथळ.

"टिकली पूर्ण बसलेली नाही," ते म्हणाले. "माझा हात."

नर्सबाई म्हणाली, "होतं कधीतरी, काका."

"मला नाही होत."

परतताना ट्रकमध्ये त्यांनी रेडिओ लावला नाही.

घरी येऊन पिस्तूल उघडलं, तर खाचांत आणि पिनेभोवती पांढरं, मेणासारखं काहीतरी. बोटाला लागलं आणि बोटाच्या उबेने विरघळलं. वास आला, खोबरेलाचा. मी लहानपणापासून थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवत आलो होतो, आणि मलाच हे सुचलं नव्हतं! पिन त्या मेणातून रांगत जात होती. काकांच्या हाताचा काही दोष नव्हता.

मी फोन उचलला आणि ताईला लावला.

"सांगून टाक की त्यांना," ताई म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"आणि नेणं बंद केलं तर?"

"मग ये इकडे. इथे काय कमी माणसं आहेत?"

तिला कसं सांगू, की ती तिची माणसं. महिन्यातून एक रविवार मला माझ्या नावाने हाका मारणारी माणसं इथे होती.

सोमवारी मी सांगितलं नाही, मंगळवारीही नाही. पुढच्या आठवड्यात जेवताना काका सहज म्हणाले की ते यंत्र विकणार आहेत. भरलेली काडतुसं रोज घरी गेल्यावर एकेक फोडून गोळी आणि दारू वेगळी करताहेत. "दुसऱ्याच्या हातात द्यायची वस्तू आहे. हातावर विश्वास नसेल तर बंद करावं." बोलताना ते आपल्याच उजव्या हाताकडे बघत होते, बोटं मिटून, उघडून. मी डबा झाकला.

दुसऱ्या दिवशी मी खोबरेलाची बाटली पिशवीत घालून नेली. एवढं सगळं मला इंग्रजीत सांगता आलं नसतं. सकाळी ती जेवणाच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये ठेवली. दुपारी काकांच्या पुढ्यात बाटली धरली, झाकण काढलं आणि उलटी केली. एक थेंब पडला नाही.

"हे मी पिस्तुलात घातलं होतं," मी म्हणालो. "तुमचा हात चांगला आहे."

काकांनी बाटली नाकाशी नेली. "समुद्रावर अंगाला चोळतात त्या क्रीमचा वास," ते म्हणाले. मला वाटलं आता हसतील. त्यांनी बाटली हळूच टेबलावर ठेवली.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. घरी गेल्यावर."

"म्हणजे नऊ दिवस."

"हो."

"नऊ दिवस तू मला म्हातारा होऊ दिलंस."

ते उठून गेले. डबा तसाच राहिला. गुरुवारपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. फोर्कलिफ्ट माझ्या टेबलाजवळून जायची, नजर समोर. शुक्रवारी सुटताना जवळ थांबले आणि इंजिन बंद न करता म्हणाले, "उद्या दुपारी न्यायला येतो. फोडलेली सगळी परत भरायचीत. यंत्राचा दांडा मी ओढणार, तपासणार तू."

त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो. गॅरेजमध्ये दोन स्टुलं होती, एकावर धूळ. ती त्यांनी हाताने पुसली. काका दांडा ओढायचे, काडतूस माझ्याकडे द्यायचे, मी बुडावरून अंगठा फिरवायचो. टिकली वर नाही, तिरकी नाही. मी म्हणायचो, "चांगलं." पुढचं. "चांगलं." काका मान हलवायचे. शेकडो झाली असतील, एकही टिकली वर नव्हती.

पाचच्या सुमारास त्यांनी मला घरी सोडलं. वर या, चहा करतो, असं म्हणावं असं फार वाटलं. इंग्रजीत कृपा करून या म्हणावं, की नुसतं या, की आधी माफी मागावी? वाक्य जुळवेपर्यंत ट्रक कोपऱ्यावरून वळला होता.