गाऱ्हाण्यात घातलेला पट्टा

नवी गाडी दारात आली त्याच दिवशी बाबांनी कुडाळच्या बाजारातून तिच्यासाठी पहिला दागिना आणला. पट्टा न लावताच गाडीची घंटी गप्प करणारा पत्र्याचा तुकडा. तो खाचेत खुपसून ते ऐटीत पुढच्या सीटवर बसले आणि मांडी थोपटून माझ्या तीन वर्षांच्या लेकीला हाक मारली.

मी समजावून पाहिलं. पुढे एअरबॅग आहे, धडक बसली की ती फाडकन उघडते आणि मांडीवरचं मूल तिच्या नि आजोबांच्या मध्ये सापडतं. म्हणून तर मागे लेकीसाठी खास खुर्ची बसवून घेतलीय.

"चेडू माझ्या मांडयेर बसात," बाबा म्हणाले. "माझे हात काय मोडलेत? तुका मी असोच धरून हाडलंय."

"तेव्हा आपण एसटीत होतो," मी म्हणालो.

खरं कारण मला ठाऊक होतं. तिठ्यावरच्या चहाच्या टपरीसमोरून जाताना मांडीवरची नात लोकांना दिसायला हवी होती. मागे बसलेली नात कोण बघणार? जन्मभर शाळेत पोरांना शिस्त लावलेला हा माणूस पट्ट्याचं नाव काढलं की पहिलीतल्या पोरासारखा अडून बसायचा. चार दिवस घरात हाच तमाशा. मी चिडत होतो असं सगळ्यांना वाटत होतं. मी घाबरलो होतो.

आमच्याकडे गाडी घेतली की गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतात. गावकार देवापुढे नारळ ठेवून मागणं मागतो आणि जमलेली मंडळी त्याच्या प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. तो काय मागतोय ते ऐकायचे कष्ट कुणी घेत नाही. त्यात बाबांचा आवाज सगळ्यात मोठा. आदल्या दिवशी मी गावकाराला गाठलं आणि एक गावठी कोंबडा कबूल केला.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान नवीन गाडी हाडल्यान हा, तिका सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"गाडयेत जो कोण बसतलो, तो पट्टो बांधूनच बसतलो रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आनी चेडू मागच्याच खुर्चयेर बसतला रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाबा गरजले आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"देवाक मधी घेतलंस? लाज नाय वाटत?" त्यांनी बाहेर आल्यावर मला धरलं. नव्हती वाटत. पण देवापुढे भरलेला होकार मोडायची त्यांची छाती नव्हती. पत्र्याचा तुकडा त्यांनी स्वतः उपसून काढला, माडाच्या मुळात भिरकावला आणि पट्टा लावून पुढच्या सीटवर बसले.

गेल्या महिन्यात कुडाळहून येताना वळणावर म्हैस आडवी आली. मी म्हैस चुकवली, पलीकडची चिऱ्याच्या गडग्याची भिंत काही चुकली नाही. मोठा आवाज झाला आणि गाडीभर पांढरी भुकटी उडाली. मागे खुर्चीत लेकीनं भोकाड पसरलं. तिचं रडणं मला इतकं गोड कधीच लागलं नव्हतं.

बाबांचा चष्मा मोडला होता, नाकातून थोडं रक्त येत होतं. छातीवर पट्टा होता आणि मांडीवर फुगून रिकामी झालेली एअरबॅग लोळत पडली होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली. हात मोडले नव्हते. मग मान वळवून त्यांनी मागे नातीकडे पाहिलं.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले. मला जेमतेम ऐकू आलं.