राखेखालचे बाफले

देवासहून निघाले त्या सकाळी आई माझ्याशी कमी आणि टॅक्सीवाल्याशी जास्त बोलली. "भिया, गाड़ी आराम से चलाना, एअरपोर्ट कहीं भागा नहीं जा रहा." मला एवढंच, "पोचलीस की फोन कर. इकडची चिंता नको करू, सगळं ठीक आहे." बाबा नुकतेच गेले होते, घरात ती एकटी राहणार होती आणि मी दुर्बिणीवरच्या नोकरीसाठी चिलीला चालले होते. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मला तर रागच आला.

तुम्ही देवासचे आणि देवास सोडलेले सगळेच विचारता, तिकडे करतेस काय? तर विश्व अगदी तरुण होतं तेव्हा काही अवाढव्य दीर्घिका झपाट्याने तारे घडवत होत्या. साध्या दुर्बिणीतून त्या जवळजवळ दिसतच नाहीत. आधीच्या ताऱ्यांनी मागे टाकलेली धूळ नव्या ताऱ्यांचा उजेड गिळते, तापते आणि ती ऊब लांब लहरींनी बाहेर सोडते. वाळवंटातल्या आमच्या डिश त्या लहरी टिपतात. इतक्या लवकर इतके तारे घडवायला वायू आला कुठून, आणि मग ताऱ्यांच्या या भट्ट्यांपैकी काही का विझल्या, हे आम्ही शोधतोय. उत्तर अजून अर्धंमुर्धंच हाती आहे.

शिफ्ट संपली की मी घरी फोन करायची. "सगळं ठीक आहे," आई म्हणायची. बरं वाटायचं आणि मी पुन्हा डेटा उघडायची.

यंदा सुटीत घरी गेले. आमच्याकडे सणाला पुरणपोळी, पण लेक माहेरी आली की दाल-बाफले. माळव्यात इतक्या पिढ्या काढल्यावर एवढं व्हायचंच. आईने अंगणात गोवऱ्या पेटवल्या, निखाऱ्यांत कणकेचे गोळे, म्हणजे बाफले, ठेवले आणि वरून राख ओढली. तीच दाखवून मी तिला माझं काम समजावलं. वर नुसती राख, आग आत. आम्ही ती ऊब मोजतो.

तिने राखेवर तळहात धरून पाहिला.

"एवढ्या लांबची ऊब कळते होय तुला? मग मी फोनवर ठीक आहे म्हणते, ते कसं गं खरं वाटतं?"

मी खोदून विचारायला लागले. मग एकेक कळत गेलं. गुडघ्यापायी टेकडीवर देवीला जाणं तिने केव्हाच सोडलं होतं. एकटीसाठी कोण रांधत बसणार, म्हणून संध्याकाळी नुसते दूध-पोहे. "सांगितलं असतं तर तू सगळं टाकून आली असतीस," ती म्हणाली. मी तिथेच रडले. ती बाफले फोडून त्यावर तूप ओतत राहिली.

नोकरी सोडलेली नाही, खोटं कशाला सांगू? पण आता ती "ठीक आहे" म्हणाली की मी फोन ठेवत नाही. काय जेवलीस, कोण आलं होतं, आज किती चाललीस, विचारत राहते. "तुला कामं नाहीत का गं?" म्हणून ती वैतागते. मग केव्हातरी हळूच म्हणते, "आज जरा जास्तच दुखतंय."

तेव्हा मला घरी पोचल्यासारखं वाटतं.