नुसतं वांगं

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की मला धरणगावची आत्या, आमची अक्का, आठवते. तिला लिहिता येत नाही, म्हणून मोबाइलवर ती चित्रंच पाठवते. एकदा नुसतं वांगं आलं. भरिताचं आमंत्रण समजून मी बायकोमुलांना घेऊन देवपूरहून रिकाम्या हाताने गेलो. अंगणात जाळ पेटलेला, शेजारणी जेवायला जमलेल्या. "वांगा कोठे शेतस?" अक्काने माझ्या रिकाम्या हातांकडे बघत विचारलं; वांगी मीच आणायची होती. "अक्का, मला वाटलं, जेवायलाच बोलावलंय." "आते ठेचा खा!" आता ठेचाच खा, असं अक्काने सुनावलं. सगळ्या हसल्या; मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून जेवायला बोलवायचं असेल तर ती वांग्याशेजारी ताट टाकते, आणायला सांगायचं असेल तर पिशवी. आज तिन्ही एकत्र आलीत, आणि मी पिशवी भरून निघालोय.