ताईने हवा तोडली

ताईचं दुकान केबलींचं. क्लचची, ब्रेकची, ॲक्सिलरेटरची, ज्याची जी तुटेल ती केबल ताई बनवून द्यायची. भिंतीवरच्या खिळ्यांना तारांची वेटोळी, टेबलावर टोकं दाबायचा छोटा प्रेस, आणि दाराशी आईची खुर्ची. वडील गेल्यावर दुकान ताईने सांभाळलं आणि मागची शेड धाकट्या भावाने. तो डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. त्याचा आवाज असा, की पलीकडच्या गल्लीत निरोप द्यायला त्याला फोन लागत नसे. म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. आईसुद्धा.

भोंग्याला नाद होता ट्रॅक्टरच्या ओढ-शर्यतींचा. मातीचा सरळ पट्टा आणि ट्रॅक्टरमागे वजनांनी भरलेली लोखंडी स्लेज. ट्रॅक्टर पुढे जाईल तसं स्लेजवरचं वजनही सरकत पुढे येतं, ओझं वाढत जातं, आणि शेवटी भलेभले जागच्या जागी माती उकरत बसतात. जो जास्त लांब ओढेल तो जिंकला.

ताकदीसाठी ही इंजिनं इतकी ताणलेली असतात, की एखादं कधी ऐकेनासं होतं. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोतून तेल गळून हवेबरोबर आत जायला लागलं, की इंजिन तेच जाळत सुटतं. मग किल्ली फिरवा नाहीतर डिझेल तोडा, त्याला सोयरसुतक नसतं. वेग वाढत वाढत फुटतं. उपाय एकच, त्याची हवा तोडायची. त्यासाठी हवेच्या नळीत झडप असते. झडपेला केबल, केबलीच्या टोकाला मागे लाल कडी, आणि कडीपासून स्लेजपर्यंत दोरी. ट्रॅक्टर स्लेजपासून तुटून सुटला तर दोरी आपोआप ओढली जाते. स्लेजवर बसलेल्या माणसालाही ती हाताने ओढता येते.

या केबली बनवून देता देता ताई मैदानावर जाऊ लागली. एकदा स्लेजवर बसणाऱ्या गृहस्थांची पाठ धरली, तेव्हा मैदानाचे पंच, शिट्टीमास्तर, तिला म्हणाले, "केबल तुमचीच आहे, तर बसाही तुम्हीच." ताई बसली ती कायमची. शर्यतीआधी प्रत्येक ट्रॅक्टरचं इंजिन चालू ठेवून ती स्वतः कडी ओढून बघायची. इंजिन गपकन बंद झालं नाही, तर गाडी पट्ट्यावर नाही. ड्रायव्हर चेष्टा करायचे, "ताई आल्या रे, श्वास रोखून धरा!" ताई हसायची आणि कडी ओढायची.

त्या दिवशी भोंग्याची ओढ शेवटची होती. सकाळी ताईने त्याचीही कडी इतरांसारखीच तपासली होती. ट्रॅक्टर निघाला तो झोकात. काळा धूर सरळ वर, पुढची चाकं अधांतरी, लोक उभे राहिलेले. त्या दिवशीच्या सर्वांत लांब ओढीची खूण हाकेच्या अंतरावर आली. तेवढ्यात ताईच्या कानाला काहीतरी खटकलं. गाडी मंदावत होती आणि इंजिनाचा आवाज मात्र चढत होता. धुराचा काळा रंग जाऊन निळसर झाक आली होती. ताईने दोरी ओढली.

खट्. मैदान एकदम मुकं झालं. ट्रॅक्टर खुणेच्या अलीकडे थांबला.

भोंगा उडी मारून आला. "तू ओढलीस?"

"ओढली."

"का पण?"

"आवाज चढत होता. धूर निळा झाला होता."

"अगं चाकं घसरत होती! चाकं घसरली की आवाज चढणारच ना? वर्षभर राबलो, आणि सख्ख्या बहिणीने तोंडचा घास काढला!"

शिट्टीमास्तर मध्ये पडले, पण भोंग्याचं डोकं काही ताळ्यावर येईना.

घरी जेवताना तो ताईकडे बघेचना. आईने विचारलं, "भोंग्या, ताई विचारतेय, भाजी वाढू का?"

"तिला सांग, नको."

"ताई, नको म्हणतोय."

"ऐकलं मी, आई."

"ऐकू येतंय ना दोघांना? मग मी काय मधलं टपालखातं आहे?"

दुसऱ्या दिवशी ताईचं कामात लक्ष लागेना. एका केबलीचं टोक तिने उलटंच दाबलं. मनात पाल चुकचुकत होती. खरंच नुसती चाकं घसरली असतील तर? भोंग्याने शेडमध्ये इंजिन उघडायला घेतलं होतं, आणि तिथून आवाज येत नव्हता. हेच विशेष होतं.

"ताई, जरा ये इकडे."

इतक्या हळू त्याने तिला कधीच हाक मारली नव्हती. ती गेली. भोंगा टर्बो मांडीवर घेऊन बसला होता.

"नळीत तेल आहे," तो म्हणाला. "पण झडप मिटली की तेल खेचलं जातंच, म्हणून मी ते हिशेबात धरलं नाही. हे बघ मात्र." त्याने टर्बोचा आतला दांडा बोटाने हलवला. पडायला आलेल्या दातासारखा तो डुगडुगला. आतली पाती कवचाला घासून कडेने चकचकीत झाली होती. "हे काही झडपेने झालेलं नाही. टर्बो गेलाच होता. आणि मी त्याच्या मागेच बसलो होतो. मला कळलंसुद्धा नाही."

"तुला तुझ्या आवाजापुढे दुसरं काय ऐकू येणार?" ताई म्हणाली.

भोंगा हसला, मग इतका हसला की पत्रे वाजले. ताईला मात्र उलट्या ड्रमवर टेकावं लागलं. भोंग्याने पाणी आणलं आणि तिचं पिऊन होईपर्यंत ग्लास धरून शेजारी उभा राहिला.

आई दारात आली. "बोलताय ना आता थेट? माझा घसा बसला."

पुढच्या हंगामात भोंगा नवा टर्बो घालून उतरला आणि तिसरा आला. परतीच्या वाटेवर, ट्रॅक्टर लादलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये तो पहिल्या दोघांच्या चुका तावातावाने सांगत होता. आई "हो, हो" म्हणत होती. ताई त्या सगळ्या गलक्यात आईच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपली होती.