ही भाषा तुमची नाही

"ही भाषा तुमची नाही," सर म्हणाले आणि माझा निबंध टेबलावर टाकला.

एम.ए.चं दुसरं वर्ष. भंडाऱ्याचं कॉलेज. भरलेला वर्ग. मला उभं केलेलं.

सर आम्हाला लिखाणाचं भाषिक विश्लेषण शिकवायचे. कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो, क्रियापद कुठं बसतं, कर्ता कुठं गायब होतो. लिहिणाऱ्याला जे लपवायचं असतं ते त्याचं वाक्यच सांगून टाकतं, असं म्हणायचे. मला हा विषय जिवापाड आवडायचा. निबंधासाठी मी शाळेतला एक जुना पाठ घेतला होता. त्यात वाक्य होतं, 'त्यांना विहिरीवर येऊ दिले जात नसे.' कोण येऊ देत नसे? वाक्यात नाही. कर्ता अध्याहृत, म्हणजे न सांगता गृहीत धरलेला. पाठभर तसंच. मार बसतो, मारणारा नाही. मी एकेक वाक्य सोडवून दाखवलं होतं.

आता त्याच पद्धतीनं सर मला सोडवत होते.

"'अध्याहृत' हा शब्द तुमच्या घरी कोण बोलतं?"

"कोणी नाही."

"मग इथं आला कुठून?"

तुमच्याच तासातून, सर. मनातच म्हटलं. मागं कुणीतरी हसलं.

सर वर्गाकडे वळले. "बोलणं एक, लिहिणं एक. एवढी नेमकी वाक्यं. यांच्याकडची भाषा अशी नसते."

यांच्याकडची. आजा दीक्षा घेऊन बौद्ध झालेला, बाप पंचायत समितीत शिपाई, आई धानाच्या रोवणीला जाणारी. सगळं त्या एका शब्दात मावलं. वर्गाला कळलं. मलाही.

"कबूल करा. इथंच मिटवतो."

"हो सर. उतरवला."

"कुठून?"

"नागपूरच्या लायब्ररीतल्या पुस्तकातून."

नागपूरची लायब्ररी मी पाहिलेली नव्हती. सरांनी पुस्तकाचं नाव विचारलं नाही.

पवनीची बस धरून गावी आले. बाबाला सांगितलं. तो निबंध मी त्याला वाचून दाखवला होता.

"तूच लिवला ना?"

"हो."

"मंग कायले हो म्हणाली?"

चोरी केली नव्हती, तरी चोरासारखी मान खाली.

सरांनी दुसरा निबंध लिहायला लावला. तेव्हा मी जे केलं ते अजून सलतं. आधी चांगला लिहिला. मग मोडला. जुळलेली वाक्यं तोडली, नेमके शब्द काढून ढोबळ घातले, मुद्दाम चुका पेरल्या. सरांनी वाचला आणि प्रेमानं म्हणाले, "आता कसं. आता तुमचं वाटतं."

मी पास झाले. लाखनीला एका ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर शिकवू लागले. वाटलं, मिटलं.

पुढच्याच वर्षी आमच्या गावची रोशनी घरी आली. ती आता त्याच वर्गात होती. डोळे सुजलेले.

"ताई, निबंध मीच लिवला. पण सर म्हणून राहिले, मागच्या साली तुमच्याच गावच्या पोरीनं कबूल केलं, तूही करून टाक." मग तिनं विचारलं, "तुम्ही खरंच उतरवला होता का?"

सरांनी माझं 'हो' तिच्या गळ्यात अडकवलं होतं. मला वाटत होतं, अपमान माझा, गिळलाही मीच. तसं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रोशनीला घेऊन भंडाऱ्याला गेले. विभागात सर होते, आणखी दोन मॅडम होत्या. बसा म्हणाले. बसले नाही.

"सर, मी तेव्हा खोटं बोलले. निबंध माझा होता."

"मग कबूल का केलंत?"

"तुम्हाला तेच ऐकायचं होतं. मी भ्याले."

"आता याला पुरावा काय?"

"उतरवल्याचा पुरावा तुमच्याकडे काय होता? पुस्तकाचं नावही तुम्ही विचारलं नाही. असं पुस्तकच नाही. रोशनीला शब्दांबद्दल विचारू नका. निबंधात काय म्हटलंय ते विचारा."

मोठ्या मॅडमनी निबंध मागून घेतला. रोशनीला समोर बसवून प्रश्न विचारले. ती आपल्या बोलीत बोलत गेली, सगळं सांगत गेली. निबंध स्वीकारला गेला. सरांनी माफी मागितली नाही. माझ्या निकालात काही बदललं नाही.

स्टँडवर मी रोशनीला चहा विचारला. नको म्हणाली.

"ताई, तुम्ही तवाच नाही म्हटलं असतं तं मले हे आयकावं लागलं नसतं."

माझ्याकडे न बघता बसमध्ये चढली. खरं बोलली होती. तिनं मला माफ करावं असं मी म्हणणार नाही.

आता जे लिहिते ते मोडत नाही. शुद्ध येईल तसं शुद्ध, घरच्या झाडीबोलीत येईल तसं झाडीबोलीत. कुणी विचारलं, हे तुमचं का, तर एकदाच हो म्हणते. आणि न केलेल्या गुन्ह्याला पुन्हा कधीच हो म्हणणार नाही. ते 'हो' माझ्यापाशी थांबत नाही. माझ्यानंतर येणारीला त्याची किंमत भरावी लागते.